रिव्हर्सिंगचे पहिले प्रश्न सोडवताना फाइल उघडल्यावर नेमकं काय बघायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सी आणि पायथन बऱ्यापैकी येतं, सीटीएफमधले (लपवलेला मजकूर शोधायच्या सुरक्षा-स्पर्धांमधले) वेबचे सोपे प्रश्न सुटतात, पण रिव्हर्स इंजिनिअरिंगची, म्हणजे सोर्स न देता नुसता तयार प्रोग्राम देणाऱ्या प्रश्नाची, फाइल घिड्रा या विश्लेषणाच्या साधनात उघडली की शेकडो फंक्शन्स दिसतात आणि दोन-तीन तास नुसते वाचण्यात जातात. शेवटच्या प्रश्नात पासवर्ड तपासणारं लूप सापडलं, उलट हिशोब करणारी स्क्रिप्टही लिहिली, पण उत्तर 'एफ, एल, ई, डब्ल्यू' आणि मग महिरपी कंस असं आलं. हवं होतं 'एफ, एल, ए, जी' आणि महिरपी कंस. पाचातली तीन अक्षरं बरोबर, दोन चूक. हे असं का होतं आणि मुळात सुरुवात कुठून करायची?

तुमच्या स्क्रिप्टमधली चूक एका ओळीची आहे, तिच्याकडे येतोच. पण तुमचे तास त्या चुकीत गेले नाहीत. ते गेले प्रोग्राम वरून खाली वाचण्यात. सी शिकताना आपण कोड असाच वाचतो, त्यामुळे इथेही मेनच्या पहिल्या ओळीपासून सुरुवात होते. नवशिक्यांच्या प्रश्नात बहुतेक वेळा एकच जागा महत्त्वाची असते: तुम्ही दिलेलं उत्तर बरोबर की चूक हे जिथे ठरतं, ती तुलना. तिथे आधी पोचायचं आणि तिथून मागे चालत यायचं. तुलनेत दोन बाजू असतात. एका बाजूला तुमच्या इनपुटचं काहीतरी झालेलं रूप, दुसऱ्या बाजूला प्रोग्राममध्ये आधीच ठेवलेली किंमत. इनपुटचं ते रूप कसं झालं एवढंच शोधायचं असतं. बाकीचं बॅनर छापणं, मेन्यू, मेमरी मागणं-सोडणं यातलं काही वाचलं नाही तरी अडत नाही.

फाइल हातात आली की मी आधी 'फाइल' ही कमांड चालवतो. लिनक्सची ईएलएफ फाइल असेल तर तिचे पहिले चार बाइट हेक्समध्ये ७एफ ४५ ४सी ४६ असतात, विंडोजची असेल तर सुरुवातीला 'एमझेड' ही दोन अक्षरं. पण खरी उपयोगाची माहिती पुढे असते: ३२ बिट की ६४ बिट, लायब्ररी आतच जोडलेली आहे की बाहेरून येते, आणि फंक्शनांची नावं काढून टाकली आहेत का, म्हणजे फाइल स्ट्रिप्ड आहे का. कधी कधी इथेच कळतं की हा सीचा प्रोग्रामच नाही. डॉटनेटची फाइल घिड्रामध्ये उघडून बसणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं. ती डीएनस्पाय किंवा आयएलस्पायमध्ये उघडली तर जवळजवळ मूळ सोर्सच समोर येतो. अँड्रॉइडच्या एपीकेला जॅडएक्स. पायथन प्रोग्रामची एक्झी केलेली असेल तर आधी ती उलगडून आतल्या पीवायसी (पायथनच्या कंपाइल केलेल्या) फाइल्स बाहेर काढायच्या आणि त्या डीकंपाइल करायच्या, म्हणजे वाचता येण्याजोग्या कोडमध्ये परत आणायच्या. योग्य साधन निवडलं तर यातले बरेच प्रश्न दहा मिनिटांत संपतात.

मग 'स्ट्रिंग्ज'. ही कमांड चार किंवा जास्त छापण्याजोगी अक्षरं सलग दिसली की दाखवते. अगदी सोप्या प्रश्नात फ्लॅग, म्हणजे उत्तर म्हणून द्यायचा तो लपवलेला मजकूर, इथेच मिळतो. नाही मिळाला तरी 'करेक्ट', 'राँग', 'ॲक्सेस डिनाइड' असलं काहीतरी दिसतं, आणि मला तेच हवं असतं. विंडोजच्या फाइलमध्ये दोन बाइटी अक्षरं असू शकतात, ती साध्या 'स्ट्रिंग्ज'ला दिसत नाहीत. त्यासाठी तिचा वेगळा पर्याय द्यावा लागतो. मजकूर जवळजवळ नाहीच, फंक्शन्सही मोजकीच आणि कुठेतरी 'यूपीएक्स' लिहिलेलं दिसलं, तर फाइल त्या नावाच्या साधनाने पॅक केलेली, म्हणजे आवळून ठेवलेली आहे. यूपीएक्सलाच ती उलगडायला सांगा. प्रश्न रचणाऱ्याने हेडर मुद्दाम बिघडवलं असेल तर तो नकार देईल. मग हेडर दुरुस्त करणं किंवा प्रोग्राम चालू असताना मेमरीतून उलगडलेली प्रत काढणं हे दोन मार्ग उरतात.

फाइल चालवायची तर व्हर्च्युअल मशीनमध्येच. स्पर्धा ओळखीची असली तरी ही सवय सोडू नका.

'एलट्रेस' चालवून बघायला मिनिटभर लागतं. प्रोग्राम लायब्ररीतली कोणती फंक्शन्स कोणत्या आर्ग्युमेंटसह बोलावतो ते ते दाखवतं. प्रोग्राम जर 'स्ट्रकम्प'ने थेट तुलना करत असेल तर तुमचं इनपुट आणि खरा पासवर्ड शेजारी शेजारी छापलेले दिसतात. नव्या लिनक्सवर काही फाइल्ससोबत एलट्रेस काहीच दाखवत नाही. तेव्हा जीडीबी या डीबगरमध्ये 'स्ट्रकम्प'वर ब्रेकपॉइंट लावायचा, म्हणजे प्रोग्राम तिथे थांबवायचा, आणि आरडीआय व आरएसआय ही दोन रजिस्टरं (प्रोसेसरमधल्या किमती ठेवायच्या जागा) बघायची, कारण ६४ बिट लिनक्सवर पहिली सहा आर्ग्युमेंट्स आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स, आरसीएक्स, आर८, आर९ याच क्रमाने जातात आणि परत आलेली किंमत आरएएक्समध्ये असते. विंडोजवर क्रम आरसीएक्स, आरडीएक्स, आर८, आर९ असा वेगळा आहे. एवढं मात्र पाठच हवं.

आता घिड्रा. अमेरिकेच्या एनएसएने मार्च २०१९ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं केलं, आणि तेव्हापासून चांगला डीकंपायलर नसल्याची अडचण नवशिक्यांपुढे राहिली नाही. फाइल उघडून विश्लेषण संपलं की फंक्शनांच्या यादीकडे जाऊ नका. स्ट्रिंगची खिडकी उघडा, 'करेक्ट' किंवा त्यासारखा जो शब्द असेल त्यावर जा, आणि त्याचा वापर कुठून होतो ते बघा. एक किंवा दोनच जागा निघतील. तिथे गेलात की डीकंपायलरमध्ये एक 'इफ' दिसेल. आपल्याला हवी असलेली तुलना तीच.

तुलनेचं फंक्शन सापडलं की मी पाच मिनिटं काहीही सोडवायचा प्रयत्न करत नाही, फक्त नावं देतो. 'लोकल_३८', 'पॅरम_१' अशा नावांनी भरलेला कोड डोक्यात राहत नाही. घिड्रामध्ये 'एल' दाबून नाव बदलता येतं, आयडा या तशाच दुसऱ्या साधनात 'एन'. शून्यापासून एकेकाने वाढणाऱ्या व्हेरिएबलला 'आय' म्हणा, ज्यात तुमचा मजकूर वाचला जातो त्याला 'इनपुट', ज्याच्याशी तुलना होते त्याला 'टेबल'. प्रकारही दुरुस्त करा. घिड्रा कधी कधी २४ बाइटांचा ॲरे तीन सुट्या आठ-बाइटी आकड्यांसारखा दाखवतो आणि कोड विनाकारण भयंकर दिसू लागतो. त्याचा प्रकार '२४ अक्षरांचा ॲरे' असा केला की तोच कोड चार ओळींवर येतो. नाव खात्रीचं नसेल तर 'कदाचित_किल्ली' असं द्या. चुकीचं नाव नंतर बदलता येतं, पण निनावी कोड कितीही वेळा वाचला तरी नवाच वाटतो.

हे झालं की तुमचं लूप वाचून काढू. तुम्ही दिलेल्या माहितीवरून ते असं आहे: इनपुटची लांबी २४ हवी, प्रत्येक अक्षराचं ४२ शी एक्सऑर करायचं (दोन बिट वेगळे असतील तर १, सारखे असतील तर ०), मग त्यात त्या अक्षराचा क्रमांक, म्हणजे 'आय', मिळवायचा, आणि आलेला आकडा टेबलातल्या आकड्याशी जुळला पाहिजे. टेबलाची सुरुवात ७६, ७१, ७७, ८०, ८५ अशी आहे.

उलटं जाताना क्रियाही उलटायच्या आणि त्यांचा क्रमही उलटायचा. आधी शर्ट मग कोट घातला असेल तर काढताना आधी कोट. प्रोग्रामने आधी एक्सऑर मग बेरीज केली, म्हणून तुम्ही आधी वजाबाकी आणि मग एक्सऑर करायला हवं होतं. तुमच्या स्क्रिप्टमध्ये क्रम उलटला गेला नाही. हातानेच करून बघा. पहिला आकडा ७६, वजा ०, एक्सऑर ४२: १०२, म्हणजे 'एफ'. दुसरा ७१, वजा १ म्हणजे ७०, एक्सऑर ४२: १०८, 'एल'. तिसरा ७७, वजा २ म्हणजे ७५, एक्सऑर ४२: ९७, 'ए'. चौथा ८०, वजा ३ म्हणजे ७७, एक्सऑर ४२: १०३, 'जी'. पाचवा ८५, वजा ४ म्हणजे ८१, एक्सऑर ४२: १२३, महिरपी कंस. आता तुमच्या क्रमाने तिसरा: ७७ एक्सऑर ४२ म्हणजे १०३, वजा २ म्हणजे १०१, 'ई'. चौथा: ८० एक्सऑर ४२ म्हणजे १२२, वजा ३ म्हणजे ११९, 'डब्ल्यू'.

मग पहिली दोन आणि पाचवं अक्षर चुकीच्या क्रमानेही बरोबर का आली? यावर थोडं थांबा, कारण अशा अर्धवट बरोबर उत्तराने मी अनेकांना भलत्याच दिशेला गेलेलं बघितलंय. पहिल्याला शून्यच मिळवायचा होता, तिथे क्रमाने फरक पडत नाही. दुसऱ्यात ७० मध्ये १ मिळवताना फक्त शेवटचा बिट पेटला, हातचा आला नाही, आणि ४२ चा तो बिट शून्य असल्याने एक्सऑरने त्याला हात लावला नाही. पाचव्यातही ८१ मध्ये ४ मिळवताना तेच घडलं. तिसऱ्यात मात्र ७५ अधिक २ करताना हातचा आला, शिवाय ४२ चा तो बिट १ आहे, आणि गणित फिसकटलं. थोडक्यात, काही अक्षरं बरोबर आणि काही चूक आली तर तुमची किल्ली (इथे ४२) आणि टेबल बहुधा बरोबर आहेत. चूक क्रमात, क्रमांकात किंवा हातच्यात आहे. सगळीच अक्षरं चूक आली तर टेबलावर किंवा किल्लीवर संशय घ्या. हे निदान आलं की स्क्रिप्ट पुन्हा पहिल्यापासून लिहावी लागत नाही.

उलट हिशोबात हमखास नडणाऱ्या आणखी काही गोष्टी आहेत. सीमधला बाइट २५५ च्या पुढे गेला की पुन्हा शून्यापासून सुरू होतो, पायथनचा आकडा तसाच वाढत जातो. म्हणून प्रत्येक पायरीनंतर २५५ शी 'अँड' करा. घिड्रा टेबलातला आकडा ऋण ५३ असा दाखवत असेल तर तो २०३ आहे, २५६ मिळवायचे. 'एफगेट्स'ने इनपुट घेतलं असेल आणि शेवटचं नवी-ओळ अक्षर कापलं नसेल तर लांबीची अट एकाने जास्त दिसते; फ्लॅग २४ चा असला तरी कोडमध्ये २५ असेल. आणि मजकूर मोठ्या आकड्यांच्या रूपात लपवलेला असेल तर तो उलटा वाचा. इंटेलच्या प्रोसेसरवर सगळ्यात कमी किमतीचा बाइट आधी ठेवला जातो, त्यामुळे ६७, ६१, ६सी, ६६ असा हेक्स आकडा दिसला आणि तो 'जी, ए, एल, एफ' वाचला गेला, तर मेमरीत तो 'एफ, एल, ए, जी' आहे.

एक्सऑरबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण सुरुवातीच्या प्रश्नांत ते सारखं येतं. एक्सऑर स्वतःचंच उलट असतं. म्हणजे लपवलेला मजकूर आणि किल्ली यांतून मूळ मजकूर मिळतो, तसाच लपवलेला आणि मूळ मजकूर यांतून किल्ली मिळते. फ्लॅगची सुरुवात कशी असते हे स्पर्धेच्या नियमांत दिलेलंच असतं. ती सुरुवात टेबलाच्या पहिल्या बाइटांशी एक्सऑर करा. दर वेळी एकच आकडा आला तर किल्ली एका बाइटाची आहे. वाचता येण्याजोगा शब्द उमटू लागला तर ती लांब किल्ली आहे, आणि तो शब्द पुढे काय असेल याचा अंदाज करता येतो. कोड न वाचता हा प्रयोग दोन मिनिटांत होतो.

हिशोब बरोबर असूनही उत्तर चुकत असेल तर चालू प्रोग्रामला विचारा. काही प्रश्नांत मेन सुरू होण्याआधीच एखादं फंक्शन चालून टेबल बदललेलं असतं, त्यामुळे घिड्रात दिसणारं टेबल आणि प्रत्यक्ष तुलनेच्या वेळचं टेबल वेगळं असतं. जीडीबीमध्ये तुलनेच्या सूचनेवर थांबा आणि टेबल मेमरीतून छापून घ्या. इथे पत्त्यांचा गोंधळ होतो, तो आधीच मिटवून ठेवा. आजच्या बहुतेक ६४ बिट फाइल्स मेमरीत कुठेही बसू शकतात. घिड्रा त्या १००००० या हेक्स पत्त्यापासून दाखवतो, तर जीडीबीमध्ये त्या सहसा ५५५५५५५५४००० पासून बसतात. घिड्रात सूचना १०११८९ वर असेल तर जीडीबीमध्ये ती ५५५५५५५५५१८९ वर मिळेल. सुरुवातीच्या पत्त्यापासूनचं ११८९ हे हेक्स अंतर दोन्हीकडे सारखंच.

डीबगरमध्ये प्रोग्राम वेगळा वागत असेल, लगेच बंद पडत असेल किंवा भलताच संदेश देत असेल, तर 'पीट्रेस' शोधा. प्रोग्राम स्वतःला ट्रेस करायला सांगतो. डीबगर आधीच जोडलेला असेल तर उणे एक मिळतं आणि त्याला कळतं. त्या तपासणीनंतरची उडी जीडीबीमध्ये उलटवा, किंवा त्या फंक्शनची परतीची किंमत शून्य करा.

पॅचिंगचा, म्हणजे प्रोग्राममधल्या सूचनाच बदलण्याचा, विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. 'राँग'कडे जाणारी उडी बदलून 'करेक्ट' छापून घेणं सोपं आहे, आणि पहिल्यांदा ते जमलं की खूप आनंद होतो. पण तुमचं इनपुट हाच फ्लॅग असेल तर हातात काहीच येत नाही. अट पार झाल्यावर प्रोग्राम स्वतः फ्लॅग उलगडून छापत असेल तेव्हाच पॅचिंग कामाचं. आणि तो उलगडताना तुमचं इनपुटच किल्ली म्हणून वापरत असेल तर पॅच केल्यावर कचरा छापला जाईल. म्हणून आधी फ्लॅग कुठून येणार आहे ते बघा, मग पॅचचं ठरवा.

स्ट्रिप्ड आणि लायब्ररी आतच जोडलेल्या फाइलमध्ये सगळ्यांचाच दम निघतो. माझ्या अगदी सुरुवातीच्या एका स्पर्धेत मी एक अख्खी संध्याकाळ शेकडो फाटे असलेलं एक फंक्शन वाचत बसलो होतो. हेच एन्क्रिप्शन असणार असं मी धरून चाललो होतो. ते 'प्रिंटएफ' होतं. त्याला पाठवलेल्या मजकुरात टक्क्याचं चिन्ह होतं, तेवढं बघितलं असतं तरी कळलं असतं. तेव्हापासून अनोळखी फंक्शनच्या आत शिरण्याआधी मी ते कोणत्या आर्ग्युमेंटसह बोलावलं जातं ते बघतो, जीडीबीमध्ये ते एका दमात ओलांडतो आणि त्याच्या आधी व नंतर मेमरीत काय बदललं ते तपासतो. मजकूर देऊन त्याचीच लांबी परत येत असेल तर ते 'स्ट्रलेन' आहे, आतली ऐंशी ओळींची चलाखी वाचायची गरज नाही. मेन सापडत नसेल तर सुरुवातीच्या कोडमध्ये लायब्ररीच्या स्टार्ट फंक्शनला जे पहिलं आर्ग्युमेंट दिलेलं असतं, म्हणजे आरडीआयमध्ये जातं, तोच मेनचा पत्ता.

एन्क्रिप्शन आणि हॅशच्या प्रसिद्ध पद्धतींचे ओळखीचे स्थिरांकही असाच वेळ वाचवतात. ९ई३७७९बी९ दिसलं तर बहुधा टीईए किंवा त्याचा भाऊबंद. ६७४५२३०१ म्हणजे एमडी५ किंवा एसएचए-१. ६३ ७सी ७७ ७बी ने सुरू होणारं २५६ बाइटांचं टेबल एईएसचं. २५६ वेळा फिरणारी दोन लूप्स आणि अदलाबदल दिसली तर आरसी४. नाव कळलं की तयार लायब्ररी वापरा आणि हाताने उलटं लिहीत बसू नका. मात्र निकाल जुळला नाही तर प्रश्न रचणाऱ्याने एखादा स्थिरांक बदलला आहे का हे आधी तपासा.

प्रत्येक अक्षर स्वतंत्रपणे तपासलं जात असेल तर उलटं गणित न करताही सुटका आहे. छापण्याजोगी अक्षरं ९५ आहेत. २४ अक्षरांसाठी जास्तीत जास्त २,२८० प्रयत्न, कारण एक अक्षर बरोबर आलं की लूप एक फेरा पुढे जातं आणि ते जीडीबीच्या स्क्रिप्टने मोजता येतं. एकाच अटीत अनेक अक्षरं गुंफलेली असतील, म्हणजे तिसरं अधिक सातवं गुणिले अकरावं अशी समीकरणं असतील, तर मायक्रोसॉफ्ट रिसर्चचं झेड३ हे अशा अटी सोडवणारं साधन वापरा. अक्षरं ३२ ते १२६ मध्येच आहेत ही अट आधी घाला. रुंदीकडेही लक्ष द्या: गुणाकार ३२ बिटांत होत असेल आणि तुम्ही व्हेरिएबल आठ बिटांचं ठेवलं तर झेड३ 'उत्तर नाही' म्हणेल आणि दोष तुम्हाला समीकरणात वाटेल. त्याच्या पायथन रूपात उजवीकडचं सरकवणं चिन्हासहित असतं. बिनचिन्हाचं हवं असेल तर त्यासाठी वेगळं फंक्शन आहे. प्रोग्राममधल्या अटी आपोआप सोडवून इनपुट शोधणारं अँगरही आहे, पण पहिल्या वीस-पंचवीस प्रश्नांना ते वापरू नका असं माझं स्पष्ट मत आहे. ते चाललं तर काहीच शिकायला मिळत नाही, आणि अडकलं तर का अडकलं हे समजायला जे लागतं तेच अजून शिकायचं राहिलेलं असतं.

सरावाला पिकोसीटीएफचे जुने प्रश्न घ्या, मग क्रॅकमीज डॉट वनवरचे सोप्या पातळीचे. पण या आठवड्यात आणखी एक करा. तुमच्या या प्रश्नातलं लूप सीमध्ये स्वतः लिहा: २४ अक्षरं, ४२ शी एक्सऑर, अधिक क्रमांक. एकदा ऑप्टिमायझेशनशिवाय आणि एकदा 'ओ२'सह कंपाइल करा, नावं काढून टाका आणि दोन्ही फाइल्स घिड्रात शेजारी उघडा. दुसऱ्या फाइलमध्ये 'आय' कदाचित आकडा न राहता सरकणारा पत्ता झालेला दिसेल, आणि छोटं तपासणी फंक्शन मेनमध्येच विरघळलेलं असेल. सोर्स तुमचाच असल्यामुळे कोणती ओळ कशात बदलली हे तिथे अंदाजाने नाही, खात्रीने कळतं. मग त्याच कोडमध्ये एक्सऑर आणि बेरीज यांची अदलाबदल करून पुन्हा कंपाइल करा आणि असेंब्लीत नेमक्या कोणत्या दोन सूचनांची जागा बदलली ते शोधा.